न समजल्याचा चेहरा

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. माझ्या आईलाही माहीत नाही, आणि तिच्या तर डोळ्यांदेखत घडली. इतकी वर्षं हॉस्पिटलच्या काउंटरवर काढली, किती जणांनी त्या काचेच्या भोकातून मला आपापली घरं उलगडून सांगितली, पण मी माझं हे कुणाजवळ बोलले नाही. आज सांगतेय ते मन हलकं करायला म्हणून नाही. वैतागलेय म्हणून. वैतागले की मी खरं बोलते.

वैताग कशाचा? एका रीलचा. हसू नका.

मी सध्या जळगावच्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात बिलिंगला आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे जाहिरात करणारी एक बाई आली. तिचं म्हणणं, लोकांना आपलेपणा वाटला पाहिजे, म्हणून काउंटरवरच्या कुणीतरी अहिराणीत बोलायचं आणि ते मोबाईलवर सगळीकडे फिरवायचं. कुणाला येते अहिराणी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग माझ्या तोंडून निघून गेलं — मला येते. तिनं ओळ दिली, ती मी नीट करून घेतली आणि कॅमेऱ्यासमोर म्हटली, "या, घाबरू नका. आठे बठ्ठी आपलीच मानसं शेत." इथं सगळी आपलीच माणसं आहेत. एका दमात झालं. टाळ्या वाजल्या. आमचे मोठे डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "अहो मॅडम, इतकी सुंदर अहिराणी येते तुम्हाला, आधी कधी सांगितलं नाहीत?"

आधी कधी सांगितलं नाहीत!

महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. नातेवाईक रील पाठवतात, खाली हात जोडलेली चित्रं टाकतात, 'आपला माणूस' लिहितात. माझी भाची म्हणते, मावशी तू फेमस झालीस. मला ते रील बघवत नाही. का बघवत नाही ते सांगायचं तर मला धुळ्याला जावं लागेल, माझ्या पहिल्या नोकरीत.

पण त्याच्याआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुम्ही कधी विमा नसताना खाजगी हॉस्पिटलात गेला आहात का? काउंटरवरच्या बाईला विचारलंय का, ऑपरेशनला किती लागतील? ती बाई एक आकडा सांगते. तो आकडा कुठून येतो, असा विचार कधी केलाय?

मी सांगते कुठून येतो. ज्याचा विमा आहे त्याचा दर कंपनीशी आधीच ठरलेला. जो सरकारी योजनेत बसतो त्याचा दर सरकार ठरवतं. दोघांसमोर काउंटरवरची बाई नुसती कागद पुढं सरकवते. राहिला तिसरा, ज्याच्याकडे विमा नाही आणि जो योजनेत बसत नाही. कारण शिधापत्रिकेवर नाव चुकलंय, किंवा त्या हॉस्पिटलात योजनाच नाही. त्याला आम्ही 'कॅश पेशंट' म्हणतो. त्याचा दर कोण ठरवतं?

धुळ्याला मी ठरवायचे.

आमचं हॉस्पिटल लहान होतं. वर ऑपरेशन थिएटर, खाली ओपीडी, आणि जिन्याखाली माझं काउंटर. डॉक्टर हाताचे चांगले, पण पैशांचं बोलायची त्यांना लाज. पेशंटनं विचारलं की ते म्हणायचे, "पैशांचं बाहेर मॅडमशी बोला." आणि मला म्हणायचे, "माणूस बघून सांग." आमच्याकडे लिहिलेला दर नव्हताच. माणूस बघायचा. पायात काय आहे, बाहेर गाडी कोणती लावली, सोबत कोण आलंय. आणि आकडा सांगताना सोडायला जागा ठेवायची. पन्नास सांगायचे, म्हणजे पस्तिसावर येता येतं. मधे एकदा "थांबा हं, डॉक्टरांशी बोलून येते" म्हणून आत जायचं, गार पाणी प्यायचं, दोन मिनिटं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं, आणि परत येऊन म्हणायचं, "सर तयार नव्हते, पण मी जोर लावला." माणसं हात जोडायची. दर महिन्याला किती हात जोडले गेले असतील माझ्यापुढं!

आणि तुम्ही म्हणाल, मग घासाघीस गरीबच करत असतील. कुठलं! सगळ्यांत जास्त घासाघीस करायचे ते पांढरी गाडी सावलीला लावून येणारे. बोटात अंगठ्या, खिशात दोन फोन, आणि "मॅडम, जरा बोला," म्हणत एक फोन माझ्या हातात. पलीकडे कोण? कुठल्या तरी पुढाऱ्याचा माणूस. "आपला कार्यकर्ता आहे, बघून घ्या." झालं! तिथं आकडा असा खाली यायचा की खरा खर्च किती ते मलाच कळेनासं व्हायचं. मग ते भरून कुठून काढायचं? ज्याच्याकडे फोन करायला कुणी नाही त्याच्याकडून. वैताग यायचा. घरी जाऊन मी चडफडायचे, नवऱ्याजवळ पुढाऱ्यांना शिव्या घालायचे. आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचे.

बघा, पुन्हा पुढाऱ्यांवर घसरले. त्यांचं पाप त्यांच्याजवळ. मी माझं सांगायला बसलेय.

मी दोंडाईच्याची. वडील लवकर गेले. आई मिरचीच्या पथारीवर कामाला — उघड्या रानात मिरची वाळत घालतात ना, तिथं. दिवसभर देठं खुडायची. बोटांची आग रात्रीपर्यंत जात नसे, आणि त्या हातानं ती मला जवळ घ्यायची तर मी नाक धरून पळायचे. आमच्या गल्लीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. बी.कॉम. पहिल्या वर्गात. याचा मला अभिमान होता, अजून आहे, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. फुकट मिळालेलं नाही ते.

धुळ्याला कॉलेजात गेले तेव्हा कॅन्टीनवाल्याला मी विचारलं होतं, "कितला झाया?" मागं रांगेत उभ्या असलेल्या मुली हसल्या. फार मोठ्यानं नाही. पण पुढं वर्षभर मला बघून एकमेकींना 'कितला, कितला' म्हणायच्या. मी बोलणं धुवून काढलं. बातम्या ऐकून ऐकून, एकटीच खोलीत वाक्यं म्हणून म्हणून. इतकं स्वच्छ की नोकरीच्या मुलाखतीत डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या नाशिकच्या का?" मी नाही म्हणाले नाही. हसले फक्त.

तर काउंटरवर बसल्यावर लोक यायचे, खिडकीशी वाकून म्हणायचे, "बाई, आम्हले सांगा ना..." आणि मी म्हणायचे, "जरा शुद्ध बोलता का? मला कळत नाही." आधी हा नुसता नखरा होता. त्या कॅन्टीनमधल्या मुलींना मी बहुतेक दहा वर्षं उत्तर देत होते, त्या तिथं नसताना. इथपर्यंत सांगायला सोपं जातं. कुणी म्हणेल, बिचारी, हिला हसले म्हणून. नाही. बिचारी नाही. कारण नंतर मला त्याचा उपयोग सापडला.

उपयोग काय? समोरच्याला वाटलं की हिला आपली बोली समजत नाही, की तो माझ्यासमोर, माझ्या तोंडावर, घरच्यांशी मोकळेपणानं बोलतो. भाऊ भावाला विचारतो, तुझ्याजवळ किती निघतील. सून सासूला सांगते, पोत मोडायची झाली तर मोडू, पण आत्ताच बोलू नका. काकाचा फोन घ्यायचा का, घरात किती ठेवायचे, कुठवर जायचं. सगळं. त्यांची शेवटची ओळ मला ऐकू यायची. मी संगणकाकडं बघत बसायचे, चेहऱ्यावर काही नाही, आणि मग आकडा सांगायचे. तो असा बरोबर बसायचा की डॉक्टर म्हणायचे, "तुला माणूस फार ओळखता येतो."

मला त्यात कमिशन नव्हतं. एक रुपया नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. पोटासाठी केलं असतं तर निदान पोटाचं नाव घेता आलं असतं. मी ते त्या एका वाक्यासाठी करायचे. तुला माणूस फार ओळखता येतो.

आता त्या दोघींचं सांगते.

मायलेकी होत्या. आईचा नवरा दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात हमाल. पोती उचलून उचलून जांघेत हर्नियाची गाठ आली होती, आणि ती आता आत जात नव्हती. सरकारी दवाखान्यात पुढची तारीख मिळाली होती, पण तोवर तो उभा राहू शकत नव्हता. आमच्या डॉक्टरांनी तपासून दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन सांगितलं, जाळी बसवून. योजनेचं कार्ड होतं, पण आमच्याकडे योजना नव्हती. म्हणजे कॅश पेशंट. म्हणजे मी.

त्याला बाकावर बसवून दोघी खिडकीशी आल्या, आणि त्यांच्याआधी त्यांचा वास आला. मिरचीचा. मला शिंक आली. त्या बाईची बोटं बघितली, तांबडी, नखांच्या कडा चिरलेल्या. मला काही विचारायची गरज नव्हती. ही कुठं बसते, दुपारी डबा कुठं खाते, पाणी पिताना हात कसा लांब धरते, सगळं मला ठाऊक होतं.

बोलत होती ती मुलगी. योगिता नाव. सतरा-अठराची असेल. छातीशी एक प्लॅस्टिकची फाईल धरलेली, आत गुणपत्रिका दिसत होती. आणि ती माझ्याशी असं जपून बोलत होती! प्रत्येक शब्द आधी तोंडात घोळवून, पुसून, मग बाहेर काढायची. "मॅडम, ऑपरेशनला साधारण किती खर्च येईल, ते सांगता का?" मी बघत राहिले. मी अशीच बोलायचे. तुम्हाला वाटेल मला माया आली असेल. मला चीड आली. का आली? आजही नीट सांगता येत नाही. आरशात कुणीतरी आपली नक्कल करतंय, तसं काहीतरी वाटलं असावं.

मी पन्नास हजार सांगितले.

ती आईकडे वळली, आणि त्या क्षणाला तिचं ते पुसलेलं बोलणं गळून पडलं. "माय, बठ्ठा मिळीसन कितला शेत?"

आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी संगणकाकडं बघत होते, चेहऱ्यावर ते नेहमीचं. तिची खात्री झाली.

"बेचाळीस शेत. पन तू तीस सांग. वरना तुना शेत, ॲडमिशनना. त्यासले हात लावू नको."

एवढंच बोलली. बेचाळीस आहेत, पण तू तीस सांग, वरचे तुझे आहेत. मग कळलं की दोघी धुळ्याला दोन कामं घेऊन आल्या होत्या. मुलीच्या वडिलांना, आबाला दाखवायचं, आणि तिथून नर्सिंगच्या कॉलेजात जाऊन मुलीचं नाव घालायचं. पैसे त्या फाईलमध्येच होते, गुणपत्रिकेच्या मागं. मुदत त्याच आठवड्यात संपत होती. तेही त्या बोलल्या. सगळं माझ्यासमोर बोलल्या.

योगिता माझ्याकडं वळली. पुन्हा ते जपलेले शब्द. "मॅडम, आमच्याजवळ तीस हजार आहेत. तेवढ्यात होईल का?"

होईल का? त्याच महिन्यात हेच ऑपरेशन, हीच जाळी, आम्ही अठ्ठावीस हजारांत केलं होतं, पांढऱ्या गाडीतल्या एकाचं, एका फोनवर. तिसात होत होतं. मला माहीत होतं. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. डॉक्टरांना विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

मी म्हटलं, "थांबा, सरांशी बोलून येते." आत गेले. पाणी प्यायले. कॅलेंडर बघितलं. मला वाईट वाटत होतं का त्या वेळी? नाही. खरं सांगते, मी हिशेब करत होते. बेचाळीस घेतले तर त्यांना गोळ्या-औषधाला काही उरणार नाही, रडारड होईल. चाळीस घ्यावेत. दोन हजार हातात राहतील, आणि वर मी दहा हजार कमी केल्यासारखं दिसेल. असा विचार करायला माणसाचं डोकं किती शांत लागतं! माझं होतं.

बाहेर येऊन मी म्हटलं, "चाळीस. याच्या खाली सर येणारच नाहीत. मी खूप जोर लावला तुमच्यासाठी."

आईनं मुलीच्या फाईलकडं बघितलं, मग बाकावर वाकून बसलेल्या नवऱ्याकडं. योगितानंच तिच्या दंडाला धरलं. "राहू दे, माय. पहिले आबाले बरं वाटू दे. पुढला साले दखसूत." पुढच्या वर्षी बघू. आणि मग गुणपत्रिकेच्या मागून नोटा काढून, माझ्याकडं बघून म्हणाली, "चालेल मॅडम. तुम्ही एवढे कमी केले, थँक्यू."

थँक्यू म्हणाली मला.

मी पावती दिली. संध्याकाळी डॉक्टर तेच वाक्य बोलले. मी घरी गेले, भाजी केली, जेवले, झोपले. झोप लागली. ती लागली नसती तर बरं झालं असतं, निदान आज लिहायला काहीतरी असतं माझ्या बाजूनं.

इथं थांबले असते तर ही गोष्ट मी विसरलेही असते. बाकीच्या विसरलेच ना! काय वाटलं तुम्हाला, ही एकच होती? इतकी वर्षं मी तो चेहरा लावून बसले होते. ही लक्षात राहिली, कारण नंतर माझी आई आली.

टाके काढायचा दिवस होता. माझी आई मधूनमधून धुळ्याला यायची, पिशवीत भरताची वांगी घेऊन, आणि थेट हॉस्पिटलातच यायची. मला ते मुळीच आवडत नसे. मी तिला सांगून ठेवलेलं होतं, आलीस तर मागच्या दारानं ये, आणि मला मोठ्यानं हाका मारू नकोस. पण त्या दिवशी मागचं दार बंद होतं. ती पुढून आली आणि बाकावर जाऊन बसली. कुणाशेजारी? दोंडाईच्याच्या बाईला दोंडाईच्याची बाई कशी अचूक सापडते कोण जाणे. योगिताच्या आईशेजारी. नवरा आत टाके काढायला गेला होता.

मी खिडकीतून बघितलं आणि खाली वाकून खण उघडून बसले, काहीतरी शोधत असल्यासारखी. कान मात्र तिकडं. आधी मिरचीचं बोलणं झालं, यंदा किती ट्रक आले, कोणता मुकादम पैसे कापतो. मग माझी आई फुशारकीवर आली. माझी लेक शिकली, इथंच मोठी साहेब आहे. "तिनी फी भराले मी बी पैसा दडाईसन ठेवेल व्हतात," म्हणाली. लपवून ठेवले होते. कुणाला म्हणून सांगितलं नाही, अगदी भावालासुद्धा. "तू बी आशीच कर. पोरले शिकाड."

योगिताची आई म्हणाली, "ठेवेल व्हतात, अक्का. पन आठे लागी गयात." इथंच लागून गेले. आणि लगेच पुढं, "पोर आते मनासंगे मिरचीवर जास."

मी अजून खणात शोधत होते. त्या खणात स्टेपलरच्या पिना आणि एक जुना रबरी शिक्का होता. मी तो शिक्का हातात घेऊन बसले. उठून जाऊन काही बोलायला हवं होतं का? काय बोलले असते?

तेवढ्यात आईला काउंटरमागं माझं डोकं दिसलं. "बेबी वं! मी आठे शे!" असं सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल असं ओरडली आणि पिशवी घेऊन उठायला लागली. सफाईच्या मावशीनं नुकतीच फरशी पुसली होती, ओली होती. आईचा पाय सरकताना मी बघितला, आणि इतक्या वर्षांचं धुतलेलं सगळं एका क्षणात गेलं. मी ओरडले, "माय वं, उठू नको! तठेच बस, पाय सरकी जाई!"

आई बसली. पडली नाही, देवाची कृपा. पण योगिताची आई माझ्याकडं बघत होती.

मी काउंटरमागून बाहेर आले होते. काच मधे नव्हती. ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्हले आमनं बोलनं समजस?"

आणि मी काय म्हणावं? स्वच्छ, नाशिकच्या मराठीत मी म्हटलं, "थोडं थोडं."

माझी आई खो खो हसली. "थोडं थोडं कसानं वं? मनी अंडेर शे ती! दोंडाईचामाच वाढनी! माले शिकाडस का?" आणि त्या बाईच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, माझीच लेक, बघ कशी लाजते, साहेबीण झाली ना!

ती बाई हसली नाही. रागावलीही नाही. ती मला बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, ती त्या दिवशीच्या खिडकीशी परत गेलीय. काय काय बोललो आपण? कुठं उभ्या होतो? ही कुठं बघत होती? एकेक आठवत होती. मी तिथंच उभी. शिक्का हातात. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मला शिव्यांची सवय आहे, पांढऱ्या गाडीवाले देतातच.

तेवढ्यात नवरा आतून आला, कमरेवर हात ठेवून. ती उठली, त्याच्या दंडाला धरलं. दोन पावलं गेली आणि वळली. माझ्या आईकडं न बघता माझ्याकडं बघून, चाचरत, एकेक शब्द जुळवत, लेकीसारखं जपून म्हणाली, "मॅडम, आमचं काही देणं बाकी आहे का?"

मी मान हलवली. नाही.

"मग आम्ही येतो," म्हणाली. आणि गेली.

आपल्या बोलीतला एक शब्दही तिनं मला दिला नाही. आईला ते खटकलं. घरी जाताना रिक्षात विचारत होती, "ती बाई तुनासंगे आशी परक्यागत काबर बोलनी?" मी म्हटलं, मला काय माहीत. वांगी किलोला कितीला पडली, ते सांग.

त्यानंतर वर्षभरात मी धुळं सोडलं. सगळ्यांना सांगितलं, जळगावला पगार जास्त आहे. होताच. इथं यावलकडची माणसं येतात, त्यांची बोली वेगळी, मला अर्धी खरंच कळत नाही. आणि इथं दर छापलेला आहे, भिंतीवर लावलेला आहे, मला कुणाला बघून काही सांगावं लागत नाही. चांगलं आहे. पण तो छापील तक्ता लागला त्यात माझा हात नाही, हेही लिहून ठेवते.

योगिता पुढच्या वर्षी गेली का कॉलेजात? मला माहीत नाही. शोधून काढणं अवघड होतं का? दोंडाईचा केवढं गाव! पथारीवर जाऊन हाक मारली असती तर मिळाली असती. पैसे परत करता आले असते का? आले असते. माझ्याकडे होते. दिवाळीला मी सोन्याची अंगठी केली, तेव्हा होते. मी गेले नाही. कारण शोधायला बसले तर सापडेल एखादं, पण ते मी इथं लिहिणार नाही.

आता ते रील फिरतंय. घाबरू नका, आठे बठ्ठी आपलीच मानसं शेत. दोंडाईच्यातही फिरत असणार. त्या दोघींपर्यंत गेलं असेल. आवाज तर ओळखू येतोच, आणि नसला ओळखू आला तर तो चेहरा आहे.

आईकडे मी वर्षातून चार-पाच वेळा जाते. स्टेशनवरून आमच्या गल्लीत जायचा सरळ रस्ता मिरचीच्या पथारीवरून जातो. रिक्षावाल्याला मी मागच्या रस्त्यानं घ्यायला सांगते. तो म्हणतो, ताई, लांब पडेल, दहा रुपये जास्त होतील.

मी देते.